दान की करार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दान कोणाला द्यायचे हे दाता ठरवतो, असे आपण मानतो. कोणी गावच्या शाळेला खोली बांधून देतो, कोणी अनाथ मुलांचे वसतिगृह चालवतो, कोणी आपल्याच ज्ञातीतल्या हुशार मुलींना शिष्यवृत्ती देतो. 'माझा पैसा, माझी मर्जी' म्हटले की वाद तिथेच संपावा. अमेरिकेत मात्र हा वाद न्यायालयात गेला, आणि शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपला : दिलेले पैसे हे दान, की करार?

प्रकरण आहे अटलांटा शहरातले. तिथे काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी २०१९ मध्ये 'फिअरलेस फंड' ही गुंतवणूक संस्था सुरू केली. नव्या उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या अमेरिकन कंपन्या वर्षाला अब्जावधी डॉलर गुंतवतात, पण त्यातला एक टक्काही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांपर्यंत पोचत नव्हता. ही दरी थोडी तरी भरून काढावी म्हणून संस्थेच्या प्रतिष्ठानाने एक स्पर्धा ठेवली. विजेत्या उद्योगाला २० हजार डॉलरचे अनुदान मिळे. व्याज नाही, परतफेड नाही. मुख्य अट अशी, की उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी कृष्णवर्णीय स्त्रीकडे हवी.

ऑगस्ट २०२३ मध्ये या स्पर्धेविरुद्ध फिर्याद दाखल झाली. फिर्यादी संघटनेचे प्रमुख होते एडवर्ड ब्लम. त्यांच्याच दुसऱ्या एका संघटनेने हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धचा खटला जिंकला होता, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली होती. आता रोख खासगी देणग्यांकडे वळला.

फिर्यादीचा आधार कोणता, हे पाहण्यासारखे आहे. तो होता १८६६ चा नागरी हक्क कायदा. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. पण दक्षिणेकडील राज्यांनी नवे जाचक नियम करून मुक्त झालेल्या माणसांना जखडून ठेवले. मजुरी ठरवायची, जमीन खंडाने घ्यायची, तर करार करता आला पाहिजे. म्हणून कायद्याने सांगितले, की करार करण्याचा आणि तो बजावून घेण्याचा जो हक्क गोऱ्या नागरिकांना आहे, तोच सर्वांना राहील. पुढे १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हा कायदा खासगी व्यवहारांनाही लागू आहे, आणि त्याचे संरक्षण गोऱ्या माणसालाही मिळते. कालच्या गुलामांसाठी केलेला कायदा त्यांच्या वंशजांच्या अनुदानाविरुद्ध उभा राहिला, तो याच वाटेने.

पण हा कायदा करारांचा आहे, दानाचा नाही. मग अनुदान म्हणजे करार कसा? आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. त्या वेळी, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करारनामा त्यांच्याकडून लिहून घेतला होता. मदत तर ती होतीच, पण करारही होता. घेणाऱ्याने काही देण्याचे कबूल केले, की कायद्याच्या नजरेत दानाचे रूप पालटते.

अटलांटात तेच झाले. स्पर्धेच्या नियमांत 'हा करार आहे' असे लिहिलेच होते. खटला झाल्यावर ते शब्द काढले गेले. पण आपले नाव व छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरू देणे आणि तंटा लवादाकडे नेणे, या गोष्टी स्पर्धकाला मान्य कराव्या लागत. शब्द गेला तरी व्यवहार कराराचाच राहिला, असे अपील न्यायालयाने म्हटले.

संस्थेचे दुसरे म्हणणे असे, की देणगी हा आमचा विचार मांडण्याचा मार्ग आहे, आणि राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्याला संरक्षण देते. सप्टेंबर २०२३ मध्ये खालच्या न्यायालयाने ते मानले. ३ जून २०२४ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ते फेटाळले आणि स्पर्धा तूर्त थांबवण्याचा आदेश दिला. विचार कोणताही मांडा, पण वंश पाहून करारच नाकारणे हा विचार नव्हे, कृती आहे, हे बहुमताचे सूत्र. फिर्यादींना स्पर्धेत खरोखर उतरायचे होते, हेच सिद्ध झालेले नाही, असे तिसऱ्या न्यायमूर्तींचे मत पडले.

दात्याच्या अटींना आव्हान मिळाले ते काही पहिल्यांदाच नव्हे. फिलाडेल्फियाचे धनाढ्य व्यापारी स्टीफन जिरार्ड १८३१ मध्ये वारले. गरीब, गोऱ्या, अनाथ मुलग्यांसाठी शाळा काढावी, असे त्यांच्या मृत्युपत्रात होते. शाळेचा कारभार सरकारी मंडळाकडे असल्यामुळे ही अट घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ठरवले. तर कारभार खासगी विश्वस्तांकडे देऊन ती चालूच ठेवण्यात आली. कृष्णवर्णीय मुलांना दार उघडले ते १९६८ मध्ये. 'माझा पैसा, माझी मर्जी' ही ढाल तेव्हा वंचितांच्या विरोधात वापरली गेली होती, हे विसरून चालत नाही.

म्हणून प्रश्न असा : दार बंद करणारी अट आणि बंद दार उघडणारी अट, कायद्याने एकाच मापाने मोजावी का? आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्याने एखाद्या धर्मसमाजापुरत्या किंवा जातीपुरत्या काढलेल्या नव्या धर्मादाय संस्थांना करसवलत नाकारली. पण अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थांना त्यातून वगळले. कायद्याने इथे इतिहासाकडे पाहिले. अटलांटाच्या खटल्यात तो माणसाच्या वंशाकडे न पाहण्याच्या बाजूने झुकला. नियम सर्वांना सारखा नसेल तर उद्या तो कोणावरही उलटेल, ही त्यामागची भीतीही पोकळ म्हणता येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली आणि स्पर्धा कायमची बंद पडली. त्यामुळे हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच नाही; अपील न्यायालयाचा निर्णय जॉर्जिया, फ्लोरिडा आणि अलाबामा या तीन राज्यांपुरता बंधनकारक राहिला. पण धाक मात्र देशभर बसला. बदल्यात काहीही न मागता दिलेले शुद्ध दान या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र आजची मोठी देणगी अर्ज, अटी आणि सह्यांशिवाय क्वचितच दिली जाते. सही झाली की वकील येतो, आणि वकील आला की दाता हात आखडता घेतो. ज्या स्त्रीला बँक दारात उभी करत नव्हती, तिच्यासाठी २० हजार डॉलरचे हे एक दार होते, तेही मिटले.