नंबर गेला, डोळे आले!

माहीत आहे का? चष्मा घालवणाऱ्या लेझरचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक होती एक टर्की! होय, कोंबडीची ती धिप्पाड अमेरिकन मोठी वहिनी. आणि तीसुद्धा जिवंत नाही, आदल्या दिवशीच्या जेवणातून उरलेली.

साल १९८१, तारीख २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगची मेजवानी आदल्या दिवशी झालेली. मद्रासमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन घरची उरलेली टर्की घेऊन थेट आयबीएमच्या लॅबमध्ये गेले आणि तिच्यावर एक्सायमर लेझर सोडला. नक्षी कोरावी तशी स्वच्छ रेघ उमटली. आजूबाजूला जळाल्याची खूणही नाही! सॅम्युअल ब्लम आणि जेम्स विन हे सहकारी सोबत होते. पुढे २०१३ मध्ये या तिघांच्या शोधाला खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं. शिळं अन्न टाकून देऊ नये असं आजी म्हणायची, ते उगाच नाही.

आता म्हणाल, लेझर आणि जळत नाही? नाहीच! या अतिनील किरणाची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. तो पेशींना भाजत बसत नाही, रेणूंमधले बंधच तोडतो. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन थर उडतो. मायनस तीनचा नंबर घालवायला जेवढी जाडी कमी करावी लागते, ती तुमच्या डोक्यावरच्या एका केसाहूनही कमी. गंमत म्हणजे टेबलावर झोपलेल्या पेशंटला केस जळाल्यासारखा वास येतो. घाबरू नका, केस शाबूत असतात. गेले असतील तर आधीच गेलेले.

दुसरा किस्सा याहून भारी. लेसिक या चष्मा घालवणाऱ्या ऑपरेशनमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलतात, आतला भाग लेझरने तासतात आणि पापुद्रा परत बसवतात. टाका एकही नाही! पूर्वी हा पापुद्रा यांत्रिक पात्याने कापायचे. आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेझर वापरतात. हा लेझर डोळ्यांच्या कामाचा आहे हे कळलं कसं? अपघाताने! १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून हा किरण गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पाहिलं, तर इजा इतकी बारीक आणि काटेकोर की ते चाटच पडले. ज्या तंत्रामुळे असे लेझर शक्य झाले, त्याला २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सेफ्टी गॉगल न घातल्याने विज्ञान पुढे गेल्याचं हे उदाहरण. तारापूर एमआयडीसीतल्या मंडळींनी कृपया कित्ता गिरवू नये!

चला, ऑपरेशन झालं. बोरिवलीला नाहीतर वसई-विरारला जाऊन आलात, डहाणू लोकल पकडून बोईसरला उतरलात. पुढे काय?

पहिले चार-सहा तास डोळ्यांत मिरची गेल्यासारखी चुरचुर आणि पाण्याची धार. यावर रामबाण उपाय आहे झोप. अनेकांना दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर बिनचष्म्याचं दिसतं, आणि तरीही हात सवयीने उशाशी चष्मा शोधतो.

माहीत आहे का, अंगातला सर्वांत हळवा भाग कोणता? मन नव्हे, कॉर्निया! त्वचेच्या तुलनेत तिथे मज्जातंतूंचं जाळं शेकडो पटींनी दाट. म्हणून तर पापणीचा एक केस आत गेला तरी आपण गावभर नाचतो. ऑपरेशनमध्ये यातले बरेच तंतू कापले जातात. परिणाम? ‘डोळा कोरडा पडलाय’ हा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, आणि डोळे खरंच कोरडे पडतात. तंतू पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात. तोवर खिशात रुमाल, मोबाइल आणि ड्रॉप्सची बाटली. नजर दुसऱ्या दिवशी येते, डोळा मात्र आपल्या चालीने बरा होतो. माझ्या मते लेसिकमधली ही सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट.

आणि डोळा चोळायचा नाही म्हणजे नाही! पापुद्रा काही वेळातच चिकटतो, पण पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही. जोराचा मार लागून तो काही वर्षांनंतरही सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे झोपताना डोळ्यांवर प्लॅस्टिकची ढाल, आठवडाभर डोक्यावरून आंघोळ बंद, काजळाला सुट्टी आणि केळव्याच्या समुद्रात डुबकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत रद्द. लोकलच्या दारात उभं राहून वारा खाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास सूचना: तो वारा एकटा येत नाही, धूळ घेऊन येतो.

रात्री दिव्यांभोवती गोल वलयं दिसतात? हायवेवर समोरून येणारा प्रत्येक ट्रक देवासारखा प्रभावळीसकट येतो? बहुतेकांचं हे काही आठवड्या-महिन्यांत ओसरतं. तोवर मनोरच्या रस्त्यावर रात्रीचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या.

आता एक गुगली. लेझर झालेला आणि न झालेला, पाण्याखाली दोघं सारखेच! का? कॉर्नियाची किरण वळवण्याची ताकद हवेत असते. पाण्यात ती जवळपास गायब, कारण पाणी आणि कॉर्निया प्रकाशाला जवळजवळ एकसारखेच वाटतात. मग माशांचं कसं चालतं? त्यांनी सगळी मदार भिंगावर टाकली आहे. म्हणून माशाचं भिंग चपटं नसून चक्क गोल. सातपाटीचं पापलेट कालवणात शिजलं की डोळ्यातून जी टणक पांढरी गोळी निघते ना, तेच ते भिंग. पुढच्या वेळी ताटात सापडली तर पाहुण्यांना भौतिकशास्त्र शिकवा. कालवण मात्र थंड होऊ देऊ नका.

बरं, लेझरनंतर डोळ्यांचे बाकी आजार टळतात? छे! नंबर गेला म्हणून डोळे यायचे थांबत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे आले होते, आठवतंय? पण याहून गाजलेली साथ १९७१ ची. तिचं नाव ठाऊक आहे? अपोलो ११! माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ सालीच घानामध्ये ही रक्ताळलेल्या डोळ्यांची साथ सुरू झाली, आणि लोकांनी चांद्रयानालाच जबाबदार धरलं. ती भारतात पोचली तेव्हा बांगलादेशाचं युद्ध पेटलेलं, म्हणून बंगालात तिचं बारसं झालं ‘जय बांगला’. इतकी राजकीय जाण असलेला विषाणू विरळाच.

आणि हो, डोळे आलेल्याकडे नुसतं बघून डोळे येत नाहीत. ते येतात हातातून, टॉवेलमधून, रुमालातून. काळा गॉगल रुग्णाला उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून. शेजाऱ्यांना त्याचा उपयोग शून्य.

‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं’ ही म्हण पालघरच्या भातशेतीत अगदी शब्दशः घ्यावी. भातकापणी आणि झोडणीच्या दिवसांत लोंबीचं कुसळ किंवा पातीचं टोक डोळ्याला लागतं, आणि त्याबरोबर बुरशी आत शिरते. वरवर साधी जखम, आतून बुबुळावर अल्सर. इथे एक चूक फार महागात पडते. मेडिकलमधून कुठलेतरी स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणून घातले की लाली उतरते, माणूस खूश, बुरशी त्याहून खूश! मग डोळ्यात फूल पडतं, आणि हे फूल काही देवाला वाहायचं नसतं. कुसळ लागलं आणि दुसऱ्या दिवशीही डोळा दुखतोय, तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

शेतातून थेट फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये येऊ. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्या क्षणी काहीच होत नाही. बिल येतं सहा ते बारा तासांनी, ऐन मध्यरात्री! डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटतं, उजेड सोसवत नाही. बर्फाळ डोंगरात गिर्यारोहकांना होतो तोच हा आजार, तेच अतिनील किरण. म्हणजे एमआयडीसीत बसून हिमालयाचा अनुभव, तिकिटाशिवाय.

अ‍ॅसिड जास्त घातक की अल्कली? डोळ्यापुरतं उत्तर वाटतं त्याच्या उलटं आहे. अ‍ॅसिड बऱ्याचदा वरचा थर गोठवून स्वतःचीच वाट अडवतं. अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा चुना, थर विरघळवत आत घुसतो. काहीही उडालं तर पहिली धाव नळाकडे. किमान १५ ते २० मिनिटं डोळा पाण्याच्या धारेखाली, मग रिक्षा, मग दवाखाना. क्रम बदलू नका!

चुन्यावरून एक रेकॉर्ड. जगातलं कॉर्नियाचं पहिलं यशस्वी रोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी झालं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्सला डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी ते केलं. पेशंट कोण? चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर. आणि कॉर्निया आला ११ वर्षांच्या एका मुलाकडून, ज्याचा डोळा लोखंडाचे कण घुसल्यामुळे काढावा लागला होता. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नाहीत, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. म्हणून दुसऱ्याचा कॉर्निया शरीर बऱ्यापैकी निमूट स्वीकारतं. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं, आणि चष्मा असलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलेही ते करू शकतात.

आता खाण्याकडे वळू. गाजराने डोळे तेज होतात? ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश पुडी! रात्री जर्मन विमानं टिपणारे त्यांचे पायलट खरं तर विमानातल्या रडारच्या जोरावर टिपत होते, पण वर्तमानपत्रांत छापून आलं की ते गाजरं खातात. पुडीत एक कण मात्र खरा आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, आणि कुपोषित मुलांत तो थेट आंधळेपणापर्यंत जातो. जव्हार-मोखाड्यात ही थट्टेची गोष्ट नाही. अंगणवाडीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी जो अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, तो चुकवू नका. दारातल्या शेवग्याचा पालाही या कामात गाजराला भारी पडतो.

पुढची गोष्ट रेल्वेच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी, नीट वाचा. नासाने २००७ पासून लेसिक झालेल्यांना अंतराळवीर व्हायला परवानगी दिली. आपल्या रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत मात्र स्पष्ट छापलेलं असतं: नंबर घालवायचं ऑपरेशन केलेले उमेदवार अपात्र. म्हणजे लेसिक करून अवकाशयानात बसता येईल, डहाणू लोकल चालवता येणार नाही! आधी जाहिरात वाचा, मग ऑपरेशनची तारीख घ्या.

नंबर घालवायच्या ऑपरेशनचा आणखी एक किस्सा. एव्हरेस्टवर १९९६ साली बेक वेदर्स या अमेरिकन डॉक्टरची नजर चढताचढता अंधुक झाली. त्यांनी जुन्या पद्धतीचं, कॉर्नियावर चिरा पाडून नंबर घालवायचं ऑपरेशन केलं होतं. विरळ हवेत त्या चिरांमुळे कॉर्नियाचा आकारच बदलला. त्यांचा जीव वाचला, पण हिमदंशाने उजवा हात कोपराखाली आणि डाव्या हाताची बोटं गेली. आजच्या लेसिकला असा धोका फारसा नाही. आपल्या काळदुर्ग किल्ल्यावर तर मुळीच नाही, तिथे दम लागला तर दोष वडापावचा.

मोतीबिंदूचे किस्से तर पोतंभर. ऑपरेशननंतर आत कृत्रिम भिंग बसवायची कल्पना कुठून आली? लढाऊ विमानांतून! युद्धात काचा फुटून पायलटांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे तुकडे घुसले, आणि डोळ्यांनी ते तुकडे चक्क खपवून घेतले. हे लंडनच्या हॅरल्ड रिडले यांनी हेरलं आणि १९४९ मध्ये त्याच प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. मोतीबिंदू फोडून काढणारं फेकोचं यंत्र सुचलं ते चार्ल्स केलमन यांना, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत. दात साफ करायचं कंपनाचं उपकरण मोतीबिंदूही फोडेल की! रेकॉर्ड हवाय? कर्नाटकातले डॉक्टर एम. सी. मोदी. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू, गिनीज बुकात नोंद. आणि आपल्या जे.जे. रुग्णालयात पूर्वी काम केलेले डॉक्टर तात्याराव लहाने? एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया आणि २००८ मध्ये पद्मश्री.

आता जरा वाईट बातमी देतो, बसून ऐका. लेसिक केलं तरी चाळिशी चुकत नाही. ती डोळ्यातलं भिंग कडक झाल्याने लागते, आणि लेझर तर बाहेरच्या पडद्यावर चाललेला. मोतीबिंदूही त्याच भिंगात, आपल्या वेळेला हजर. डोळ्यांपुढे अचानक माश्यांचा थवा आणि विजेचे लखलखाट दिसू लागले तर मागचा पडदा फाटलेला असू शकतो. पूर्वी मोठा मायनस नंबर होता त्यांनी तर तासाभराचाही विचार करू नये, निघावं.

आणि शेवटचं, ऑपरेशनचे कागद! कॉर्निया पातळ झाला की काचबिंदूच्या तपासणीत डोळ्यातला दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि डॉक्टर फसू शकतात. साठीत मोतीबिंदू काढताना भिंगाचा नंबर ठरवायचा, तर तिथेही नेहमीचं गणित चुकतं, जुना नंबर आणि जुनी मापं कळली तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. तेव्हा ती फाइल कपाटात सातबाऱ्याच्या शेजारी ठेवा, आणि ‘ही रद्दी कसली?’ म्हणून विचारणाऱ्यांच्या हाती लागू देऊ नका.