काळोख पडेपर्यंत थांबणारी होडी

सिसिलीच्या उत्तरेला, तिऱ्हेनियन समुद्रात, एओलियन नावाची सात बेटं आहेत. सातही ज्वालामुखींनी घडवलेली आणि 2000 सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. त्यांतलं ईशान्य टोकाचं स्ट्रॉम्बोली आजही धगधगतं आहे. भूमध्य समुद्रात सूर्यास्त दाखवणाऱ्या होड्या कितीतरी बेटांवरून सुटतात आणि सूर्य बुडाला की बहुतेक माघारी वळतात. स्ट्रॉम्बोलीला मात्र खरं बघणं सूर्य बुडाल्यावरच सुरू होतं. भूमध्य समुद्रातली एकच संध्याकाळ कुणाला सुचवायची झाली, तर मी हीच सुचवेन.

होड्या लिपारी बेटावरून, सिसिलीतल्या मिलाझ्झोहून किंवा इटलीच्या मुख्य भूमीवरच्या कालाब्रियाच्या किनाऱ्यावरून दिवसाउजेडी निघतात. घाई कसलीच नसते. लिपारीकडून येणाऱ्या होड्या बहुधा पानारेआजवळ थांबतात. सातांतलं हे सगळ्यांत लहान बेट. त्याच्या पूर्वेला लिस्का बिआंका, बोत्तारो असे खडक समुद्रातून वर आलेले आहेत. तिथल्या उथळ पाण्यात पोहायला उतरलं की तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात. हा वायू खालच्या ज्वालामुखीचा. 2002 च्या नोव्हेंबरात तो इतक्या जोराने उसळला, की समुद्राला आधण आल्यासारखं दिसत होतं.

पुढे स्ट्रॉम्बोलीच्या गावात पाय मोकळे करायला वेळ मिळतो. काळी वाळू, पांढरी घरं, बोळ इतके अरुंद की माणसं आणि सामान तीनचाकी अपे रिक्षांतून फिरतं. आपल्याकडे बारामतीत बनते तीच अपे. जन्म मात्र 1948 चा, इटलीतला. 1949 मध्ये दिग्दर्शक रोसेलिनीने अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनला घेऊन इथे चित्रपट केला; ती राहिली ते लाल घर अजून दाखवतात. पण मला त्या घरापेक्षा ओस पडलेली घरं जास्त बोलकी वाटतात. एके काळी हजारोंची वस्ती असलेल्या या बेटावर आज काही शे माणसं उरली आहेत. बाकीच्यांचे वंशज ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत आहेत. 1930 च्या सप्टेंबरातल्या भीषण स्फोटानंतर बेट सोडणाऱ्यांची रीघच लागली.

गावासमोर पाण्यात स्ट्रॉम्बोलिकिओ नावाचा सुळका उभा आहे. जुन्या ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा गोठला, भोवतालचा डोंगर लाटांनी खाल्ला आणि आतला कठीण गाभा तेवढा राहिला. माथ्यावर दीपगृह आहे. नाखवा होडी त्याला वळसा घालून बेटाच्या वायव्य अंगाला नेतो. तिथे आहे शारा देल फुओको, म्हणजे डोंगराचा एक भाग कोसळून तयार झालेला काळा, रखरखीत उतार. वरच्या विवरांतून पडलेले दगड यावरून गडगडत थेट समुद्रात येतात. उन्हाळ्यात सूर्यही वायव्येलाच मावळतो, त्यामुळे शेवटचं ऊन नेमकं या उतारावर पडतं. होडी इथे ठरलेल्या अंतरावर थांबते आणि इंजिन बंद होतं.

दिवसा इथे दिसतो तो धूर. तप्त लाव्हा तेव्हाही उडत असतो, पण उजेडात त्याची लाली लपते. काळोख दाटला की तीच लाली कारंज्यासारखी वर उसळताना दिसते आणि आवाज थोड्या वेळाने पाण्यावरून येतो. मग पुन्हा शांतता. असे स्फोट साधारण दहा-वीस मिनिटांनी होतात. कधी लवकर, कधी वाट बघायला लावून. निदान हजार वर्षं हे सुरू आहे. डोंगराच्या नळीतला लाव्हा वरपर्यंत उघडाच असतो. त्यात वायूचे फुगे एकमेकांत मिसळत मोठे होतात, वर येतात आणि तोंडाशी फुटून लाव्ह्याचे गोळे उडवतात. तोंड बुजत नाही, म्हणून दाबही फार साठत नाही. जगात कुठेही अशा तऱ्हेचा उद्रेक झाला, की भूवैज्ञानिक त्याला याच बेटाचं नाव देतात. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून वाहत आला आणि थरावर थर बसत गेला. इथे शेजारी बसून बघावं अशा लयीत डोंगर अजून घडतो आहे.

पाण्यावर दिसणारी उंची 924 मीटर. समुद्राच्या तळापासून मोजली तर सुमारे तीन किलोमीटर. आणि डोंगर नेहमीच इतका संथ नसतो. 30 डिसेंबर 2002 ला शारावरची दरड समुद्रात कोसळून त्सुनामी आली आणि किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरलं. पर्यटकांचा हंगाम नव्हता, म्हणून जीव वाचले. 3 जुलै 2019 च्या मोठ्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर वर चढण्यावर कडक निर्बंध आले. म्हणून होडीतून बघणं मला कमी प्रतीचं वाटत नाही. विवराच्या काठावरून उतार दिसत नाही. समुद्रातून विवर, उतार आणि पाण्यात कोसळणारे दगड असं सगळं एका नजरेत येतं.

हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. रात्री परतताना वारा बोचतो, तेव्हा जाडसा कपडा हवाच. तिकीट काढण्याआधी होडी शारासमोर किती वेळ थांबते ते विचारा. दहा मिनिटांत परतणारी होडी घेऊ नका, त्यात एखाद्या वेळी एकही स्फोट दिसणार नाही. आणि तिथी बघा. चांदणं जितकं कमी, तितकी लाली ठळक.