दस्तात लिहिलेली किंमत

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. शहरात आता घर बांधतो कोण? आपण बांधलेले घर विकत घेतो. आणि गंमत अशी की, मेथीच्या जुडीचा भाव मंडईत चार ठिकाणी विचारल्यावाचून ती पिशवीत न टाकणारा गृहस्थ आयुष्यभराची पुंजी, आणि वर वीस वर्षांचे कर्ज, एका दलालाच्या शब्दावर मोकळे करतो. ‘या इमारतीतला मागचा फ्लॅट एक कोटी वीसला गेला, साहेब,’ हे एक वाक्य त्याला पुरते. ते वाक्य खरे की खोटे, हे घरबसल्या पडताळून पाहता येते. आम्हाला ही गोष्ट कळली ती आमचे स्वतःचे घर घेऊन झाल्यावर. म्हणून निदान इतरांस ती आधी कळावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवावीच लागते. आणि नोंदणीची जी सूची ठेवतात, ती फी भरून कोणालाही पाहण्याचा हक्क त्याच कायद्याने दिलेला आहे. म्हणजे हक्क शंभर वर्षांहून जुना. नवी आहे ती सोय. पूर्वी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसून पाने उलटावी लागत. आता महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ नावाची विनामूल्य सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घातला की त्या वर्षी त्या क्रमांकावर नोंदलेले दस्त समोर येतात. एकच इमारत कोणाच्या दस्तात सर्व्हे नंबराने, कोणाच्या सिटी सर्व्हे नंबराने, तर कोणाच्या प्लॉट नंबराने नोंदलेली असते. तेव्हा एका क्रमांकावर काही मिळाले नाही म्हणून लगेच हात टेकू नयेत.

जे पान उघडते त्याला ‘सूची क्र. २’ म्हणतात. व्यवहारातले नाव इंडेक्स टू. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, घराचे वर्णन, क्षेत्रफळ, देणाऱ्याघेणाऱ्याची नावे, तारखा, भरलेले शुल्क आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. एक रकाना ‘आकारणी किंवा जुडी’ असा आहे. ही जुडी मेथीची नव्हे. इनाम जमिनींवर जो हलका सारा असे, तिचे हे नाव. इनामे गेली, पण सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या कागदावर जुडी अजून छापली जाते!

यांतला ‘मोबदला’ हा आपल्या कामाचा आकडा: घेणाऱ्याने देणाऱ्यास अमुक रक्कम दिली असे दस्तात लिहिलेले. शेजारचा ‘बाजारभाव’ हा मात्र नावाप्रमाणे बाजारातला भाव नाही. ती सरकारने रेडी रेकनरच्या तक्त्यावरून काढलेली किंमत. दोहोंत जी अधिक, तिच्यावर मुद्रांक शुल्क घेतात. हे तक्ते २०२३ आणि २०२४ साली जसेच्या तसे ठेवले होते, आणि मग एप्रिल २०२५ मध्ये वाढवले. बाजार काही तसा दोन वर्षे श्वास रोखून बसत नाही. तेव्हा मोबदल्याऐवजी या रकान्यातला आकडा कोणी पुढे केला, तर सावध व्हावे.

मोबदला मिळाला म्हणजे झाले असे नाही; खरी मेख क्षेत्रफळात आहे. सूचीत ते बहुधा चौरस मीटरात असते, दलाल बोलतो चौरस फुटात. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात. समजा, सूचीत ६० चौरस मीटर चटई क्षेत्र आणि ९० लाख मोबदला आहे. ६० मीटरचे सुमारे ६४६ फूट. म्हणजे फुटाला जवळजवळ १३,९३० रुपये पडले. पण हाच फ्लॅट जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचा वाटा धरून ‘नऊशे फुटी’ म्हणून सांगितला, की दर दहा हजारांवर उतरतो आणि ऐकणारा खूश होतो. रेरा कायदा २०१७ च्या मे महिन्यात पूर्णपणे अमलात आला, तेव्हापासून नव्या प्रकल्पांत चटई क्षेत्र सांगणे भाग झाले. त्याआधीच्या दस्तांत पुष्कळदा बांधीव क्षेत्र सापडते. चटईशी चटईच ताडून पाहावी.

तारखेचेही तसेच. दस्त करून दिल्यावर नोंदणीस चार महिन्यांची मुदत असते, आणि बांधकाम चालू असलेल्या घराची किंमत ताब्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. १ सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्कात वर्षअखेरपर्यंत तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सूट दिली. त्या काळातले दस्त सूचीत दाटीवाटीने आढळतात. ती गर्दी सवलतीची, तेजीची नव्हे. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्रे तर भावाच्या हिशेबातून सरळ बाजूला काढावीत. बापाने मुलीला दिलेल्या घरावरून परक्याला काय दर पडेल, हे कसे कळणार?

आणि एक गोष्ट, जी सगळ्यांना ठाऊक असते पण व्यासपीठावरून बोलत नाहीत. जुन्या व्यवहारांत काही रक्कम टेबलाखालून जाई. तिची नोंद कोठेच नाही. म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मोबदला पाहून ‘घराची किंमत पाचपट झाली’ असे म्हणणे धोक्याचे. आरंभीचा आकडाच कदाचित अर्धवट असेल.

घरांच्या जाहिरातींची जी संकेतस्थळे आहेत, तीही भावाचे आलेख दाखवतात. ते बहुधा मागितलेल्या किमतींचे असतात, मिळालेल्या नव्हेत. एकच घर तीन दलाल तीन भावांनी टाकतात, आणि महिनोन्‌महिने न खपलेले घर काढून पुन्हा ‘नवीन’ म्हणून लावता येते. इंग्लंडात तेथील जमीन नोंदणी खाते १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या प्रत्यक्ष किमती सर्वांसाठी खुल्या ठेवते. उलट अमेरिकेत टेक्ससासारख्या राज्यात विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करण्याची सक्तीच नाही. त्या मानाने आपली सूची, किचकट असली तरी, बरीच उदार म्हटली पाहिजे.

गेल्या वर्षी आमचा भाचा पुण्यात घर पाहत होता. मागचा फ्लॅट एक कोटी वीसला गेला, हे वाक्य त्यालाच ऐकवले गेले होते. सूचीत मोबदला निघाला एक कोटी चार लाख, चौदा महिन्यांपूर्वीचा. मालकाने स्वतः २००९ साली ते घर केवढ्याला घेतले, तेही त्याने शोधून काढले, आणि दोन्ही कागद घेऊन स्वारी मालकाकडे निघाली. आम्ही त्याला दुसरा कागद घरीच ठेवायला लावला. मालकाने तेव्हा काय दिले आणि आता त्याला काय सुटणार, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. त्याने स्वस्तात घेतले म्हणून घर आज स्वस्त होत नाही. महागात घेतले असते, तर ते आपण भरून दिले असते काय? शिवाय एखाद्याचा जुना हिशेब त्याच्याच दिवाणखान्यात वाचून दाखवणे बरे दिसत नाही.

मालक वृद्ध गृहस्थ होते. एक कोटी अठरा मागत होते. पहिला कागद त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि वर्णनाच्या रकान्यावर बोट ठेवले. त्या फ्लॅटला पार्किंग नव्हते. यांच्या फ्लॅटला छपराखालची जागा होती. भाच्याने मोबदला वाचला होता, वर्णन वाचले नव्हते. मग चहा झाला, पार्किंगचे किती आणि चौदा महिन्यांचे किती यावर दोन तास घासाघीस झाली, आणि सौदा एक कोटी अकराला तुटला. दलालाने एक कोटी वीसचे नाव पुन्हा काढले नाही.