माहुलीचा लेख आणि मोबाइलवरची अनुक्रमणिका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर-मुरबाडच्या किल्ल्यांवर मराठीत भरपूर आणि मनापासून लिहिलं जातं. माहुलीवरच्या एकाच लेखात १६३६ सालचा शहाजीराजांभोवतीचा वेढा असतो, १६६५ चा पुरंदरचा तह असतो, पळसगड-माहुली-भंडारगड अशी गडाची रचना असते आणि सगळ्यात शेवटी आसनगाव स्टेशनवरून पायथ्याला कसं जायचं ते असतं. वाचणारा मात्र आसनगावला उतरून उभा असतो. त्याला आत्ता एवढंच हवं असतं की रिक्षा कुठवर जाते आणि वर पाणी आहे का. इतिहास तो घरी गेल्यावर आवडीने वाचेल. अशा वाचकासाठी लेखाला अनुक्रमणिका लागते, आणि ती मोबाइलच्या पडद्यावर नीट बसावी लागते. ती लावणं अवघड नाही. तरी अनेक चांगले लेख तिच्यावाचून राहतात, कारण तिच्याविषयी काही समज घट्ट बसले आहेत.

पहिला समज : शोधण्याची सोय ब्राउझरमध्ये असतेच, मग अनुक्रमणिका कशाला? शोधायचं तर लेखकाने वापरलेला शब्द आधी ठाऊक हवा. कुणी ‘कसे जाल’ लिहितो, कुणी ‘वाट’, कुणी ‘पोहोचण्याचा मार्ग’. ‘पाणी’ शोधावं तर टाक्यांच्या वर्णनापासून भातसा धरणापर्यंत सगळीकडे तेच सापडतं. लेखात काय काय आहे, हे एका नजरेत अनुक्रमणिकाच सांगते.

दुसरा समज असा की त्यासाठी प्लगइन लागतं, निदान जावास्क्रिप्ट तरी. दोन्ही लागत नाहीत. शीर्षकाला एक आयडी द्यायचा आणि त्या आयडीकडे नेणारी लिंक वर लिहायची, एवढंच काम आहे. एचटीएमएलमध्ये ही सोय अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे. उघडझाप करणारी यादी हवी असेल तर ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ हे दोन टॅग पुरतात. आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. गोरखगडासाठी मुरबाडहून म्हसामार्गे देहरीला जाताना किंवा नाणेघाटासाठी वैशाखऱ्याला उतरल्यावर रेंज गेली, तरी आधी उघडून ठेवलेल्या पानातल्या या लिंका चालतात. स्क्रिप्टवर उभी असलेली यादी मात्र ती स्क्रिप्ट उतरली नाही तर दिसतच नाही.

तिसरा गैरसमज : मोबाइलसाठी म्हणजे तेच सगळं, फक्त बारीक अक्षरात. पडद्याप्रमाणे मांडणी बदलण्याचा विचार वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये एका लेखात मांडला, त्याचा गाभा रुंदीनुसार रचना बदलणं हा होता. संगणकावर यादी लेखाच्या बाजूला उभी राहू शकते. फोनवर ती प्रस्तावनेखाली मिटलेली असावी, एका टिचकीने उघडावी आणि तिच्यात मुख्य शीर्षकंच असावीत. अक्षर लहान करणं तर देवनागरीला मुळीच मानवत नाही. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत अंतर कमी पडलं की ते एकमेकांत घुसतात. बोटाने दाबायच्या जागेचेही निकष आहेत. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत किमान २४ पिक्सेल सांगितले आहेत, अँड्रॉइडच्या शिफारशीत ४८ एकक. चढून आलेल्या, घामेजल्या हाताला ४८ च बरे.

आता मराठीपुरता सर्वांत नडणारा समज : शीर्षक मराठीत लिहिलं की बाकी सगळं आपोआप होतं. तयार साधनं शीर्षकावरून आयडी बनवतात तेव्हा ‘अक्षर नाही ते काढून टाक’ असा नियम लावतात. जावास्क्रिप्टमधल्या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या नियमात अक्षर म्हणजे फक्त रोमन अक्षर. मग पूर्ण मराठी शीर्षकाचं काहीच उरत नाही, अनेक आयडी सारखेच होतात आणि कुठेही टिचकी मारली तरी पान भलत्याच जागी जातं. जरा सुधारलेला नियम मूळ अक्षरं ठेवतो पण काना, उकार, वेलांटी ही ‘चिन्हं’ म्हणून काढतो. त्यातून ‘माहुली’चं ‘महल’ होतं, ‘शहापूर’चं ‘शहपर’ आणि ‘मुरबाड’चं ‘मरबड’.

देवनागरी आयडी चालतच नाही, हाही समज खरा नाही. चालतो, फक्त त्यात मोकळी जागा नको. अडचण पुढे येते. अशा आयडीची लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की बहुतेक वेळा एकेका देवनागरी वर्णाच्या जागी टक्क्याची चिन्हं धरून नऊ अक्षरं उमटतात. ‘माहुली’त काना-उकार-वेलांटीसह सहा वर्ण, म्हणजे चोपन्न अक्षरांची रांग. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : शीर्षक शुद्ध मराठीत ठेवावं आणि त्याचा आयडी स्वतः, छोटा, रोमन लिपीत द्यावा.

ठळक ओळ म्हणजे शीर्षक, असं धरून चालणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. ठळकपणा डोळ्यांना दिसतो. पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाला आणि यादी बनवणाऱ्या साधनाला शीर्षकाचा खरा टॅगच लागतो. तसंच वर चिकटून राहणारी पट्टी असेल तर उडी मारल्यावर शीर्षक तिच्याखाली झाकलं जातं. ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ ही सीएसएसची एक ओळ ते दुरुस्त करते.

अनुक्रमणिकेने गूगलमध्ये लेख वर जातो, याची हमी कोणी देऊ नये. शोधनिकालात लेखातल्या एखाद्या भागाची थेट लिंक कधी कधी दिसते, इतकंच. आणि प्रत्येक लेखाला अनुक्रमणिका हवीच असंही नाही. विकिपीडियामागच्या मीडियाविकीत चार शीर्षकं झाली की यादी आपोआप येते. हा अंदाज आपल्यालाही पुरेसा आहे.

शेवटी लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘सुरुवात’, ‘अविस्मरणीय क्षण’ अशा शीर्षकांची यादी कितीही नीट बसली तरी वाटेवरच्या माणसाच्या कामाची नाही. ‘आसनगाव ते पायथा’, ‘गडावरचं पाणी’, ‘परतीची गाडी’ अशी सरळ शीर्षकं द्या, आणि लेख लोकांपुढे ठेवण्याआधी तो स्वतःच्या फोनवर उघडून प्रत्येक लिंक एकदा दाबून पाहा.