हौसेला मोल नाही, लेन्सला आहे!

सोलापुरात फोटोग्राफीचा पहिला धडा कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक देत नाही, गड्ड्याची यात्रा देते. 13 जानेवारीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात आणि त्यांच्या मागेपुढे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली हजारो माणसं. नवशिका खटाखट फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो, तर सगळ्यांच्या बाराबंद्या मळकट! जणू नीळ संपल्यावर धुतलेल्या. तो कॅमेरा घेऊन दुकानात पळतो.

कॅमेरा ठणठणीत असतो. त्याचं मीटर समोरचं सगळं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतं. हा करडा म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के परत फेकणारा. पांढरं काही दिसलं की मीटरला वाटतं, उजेड फार झाला. ते फोटो अंधारवतं आणि बाराबंदीची गोणपाटं होतात. उपाय उलटा आहे. पांढऱ्या गर्दीत एक्स्पोजर एक घर वाढवायचं. मोबाइल असेल तर बाराबंदीवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं. काळी म्हैस काढताना मात्र घटवायचं, नाहीतर तीही करडी होते. आमच्या फोटोग्राफीच्या कट्ट्यावर याचा मंत्रच झालाय: पांढऱ्याला वाढव, काळ्याला घटव. पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, “काय करलालास बे, पांढऱ्याला अजून पांढरं?” होय मालक, तेच.

उन्हाचं पाणी

नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. त्याआधी सत्तरच्या दशकात पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं नसतं, तर हा माळ ‘पडीक’ म्हणूनच कागदावर राहिला असता. आता माळढोक दिसणं लॉटरी लागण्यासारखं आहे. काळवीट, लांडगा, खोकड मात्र नशिबात असू शकतात. इथे येणारा पाहुणा फोटोग्राफर (बहुतेक पुण्याचा) निवांत नाश्ता करून दहाला पोचतो, लाखाच्या घरातली लेन्स काढतो आणि काळविटाचे दोनशे फोटो मारतो. दोनशेही पाण्यात पाहिल्यासारखे थरथरलेले.

दोष लेन्सचा नाही. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेच्या लहरी उठतात, त्यांतून येणारा उजेड वाकडातिकडा होतो आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ही थरथर मोठी दिसते. ट्रायपॉड लावा, शटर वाढवा, काही उपयोग नाही. उपाय दोनच: सूर्य उगवतानाच माळावर असणं, किंवा जवळ जाणं. दुसरा प्राण्यांना मान्य नसतो, म्हणून पहिला. सोलापूरचा उन्हाळा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर इथे माणसांचे फोटो काढावेत, तेही सावलीत.

सावली गायब

सावलीवरून आठवलं. मेच्या 10-11 तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सोलापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पण घड्याळात बारा वाजता नव्हे. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरेच पश्चिमेला आहोत, म्हणून हा क्षण मेमध्ये सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान येतो. उभा खांब, पाण्याची बाटली, चार हुतात्मा पुतळ्यांजवळची रेलिंग, सगळ्यांची सावली पायाशी गोळा होते. फोटो असा निघतो की वस्तू नंतर चिकटवल्यासारखी वाटते. ऑगस्टमध्ये ढग आडवे येतात. मेवरच भिस्त ठेवा. टोपी घाला.

जेऊरचा बारा मीटरचा कॅमेरा

आता खरा गंमतीचा मुद्दा. आमच्यात कुणी 600 मिलिमीटरची लेन्स आणली की बाकीचे महिनाभर तिच्याकडे शेजाऱ्याच्या नव्या गाडीसारखं बघतात. पण आपल्या जिल्ह्यात याच्या वीसपट लांब कॅमेरा सव्वाशे वर्षांपूर्वी येऊन गेलाय. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला!

22 जानेवारी 1898. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून जाणार होता आणि जेऊर त्या पट्ट्यात होतं. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथसह समुद्र ओलांडून इथे आले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला हेही आपली उपकरणं घेऊन जेऊरलाच होते. मुंबई-पुण्यात प्लेगाने थैमान घातलेले ते दिवस. अशा काळात ही मंडळी माळावर तंबू ठोकून, दोन मिनिटांच्या अंधाराची वाट बघत बसली होती.

कॅम्पबेल यांचा कॅमेरा 40 फुटी होता, म्हणजे फोकल लेंग्थ जवळपास 12,000 मिलिमीटर. भिंग मात्र पाच इंचांचं, आपल्या चहाच्या बशीएवढं! एवढं लांबडं नळकांडं सूर्यामागे फिरवणार कोण? म्हणून नळी जागच्या जागी घट्ट बांधायची आणि तिच्या खालच्या टोकाला असलेली काचेची प्लेट घड्याळाच्या यंत्रावर हळूहळू सरकवायची, अशी त्या कॅमेऱ्याची रचना. सूर्याचं चित्र प्लेटवर सुमारे 11 सेंटिमीटर व्यासाचं पडायचं, म्हणजे तळहाताएवढं. 600 मिलिमीटरच्या लेन्सने तोच सूर्य जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पडतो; ज्वारीच्या एका टपोऱ्या दाण्याएवढा.

हिशेब सोपा आहे, पाठ करून ठेवा. फोकल लेंग्थला 110 ने भागा, सूर्याचा (आणि जवळपास चंद्राचाही) सेन्सरवरचा आकार मिळतो. कोजागिरीला मोबाइलवर चंद्राचा ठिपका का येतो, याचं उत्तर त्यात आहे. मोबाइलला नावं ठेवू नका, गणिताला ठेवा.

जेऊर स्टेशनात गाडी शिरली की मी आजही खिडकीतून माळाकडे बघतो. बायको म्हणते, “काय दिसतंय?” काहीच नाही. ज्वारी.

काळपट पट्टे

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात फोटो काढायला गेलात, की आत शिरल्याबरोबर दोन गोष्टी जाणवतात. एक, खडखडाटात आपलाच आवाज ऐकू येत नाही. दोन, फोटोत आडवे काळपट पट्टे. चादरीचं डिझाइन नव्हे हे! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर 1/100 किंवा 1/50 वर आणा, पट्टे गायब. शिवाय या वेगाला धोटा पुसट रेघ होऊन पळताना दिसतो आणि मागावरचा माणूस स्थिर. तोच तर फोटो हवा होता. विचारल्याशिवाय मात्र काढू नका; आठ-दहा तास उभा असलेला माणूस कुणाच्या हौसेचं सामान नसतो.

झटपट चिमटे

मुंबईकराच्या लेन्सवर बुरशी चढते, आमच्या लेन्सवर धूळ. माळावर वारा असेल तर लेन्स बदलू नका. शर्टाच्या टोकाने पुसू तर मुळीच नका, आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा.

मीटर बिघडलं? लख्ख उन्हात ॲपर्चर एफ 16 आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं: आयएसओ 100 तर 1/100. आकाश निरभ्र असायला हवं एवढीच अट, आणि ती सोलापुरात वर्षातले किती महिने पूर्ण होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

सिद्धेश्वर तलावातलं मंदिराचं प्रतिबिंब टिपताना पोलरायझर फिल्टर लावला असेल तर सावकाश फिरवत बघा. एका कोनात आकाश निळंशार होतं आणि प्रतिबिंबाचा जीव जातो.

हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे 1/2000 ला टिपले तर शेकडो पक्षी सुटे दिसतात. 1/15 ला टिपले तर धूर. दोन्ही करून बघा. मला धूर आवडतो, कट्ट्यावरच्या बाकी कुणालाच आवडत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये ‘अंकुराची वाढ’ कशी दाखवली? कुंडीतल्या रोपाचा रोज थोडा थोडा भाग चित्रित करून. आजच्या मोबाइलमध्ये त्याला टाइमलॅप्स म्हणतात आणि तो वापरून लोक वाहतुकीची कोंडी दाखवतात.

घोडा येतो तेव्हा

ज्ञानोबांची पालखी जिल्ह्यात आली, की पुरंदवडे-सदाशिवनगरला गोल रिंगण होतं. दोन अश्व धावतात, त्यांतल्या माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. नवा माणूस घोड्यावर फोकस करत करत कॅमेरा फिरवतो आणि घोडा निघून गेल्यावर बटण दाबतो. जुना माणूस आधीच कडेच्या एखाद्या पताकेवर फोकस बांधून ठेवतो, शटर 1/1000 करतो आणि घोडा त्या जागी येण्याची वाट बघतो. पण खरा फोटो त्यानंतर आहे. घोडा पुढे गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात, आणि त्या वेळी निम्मे फोटोग्राफर स्क्रीनवर मागचा फोटो बघत असतात.

आषाढसर आली तर हॉटेलात मिळणारी प्लॅस्टिकची टोपी कॅमेऱ्याला चढवा. आमच्या एका काकांनी ती आधी स्वतःच्या डोक्याला चढवली. कॅमेरा दुरुस्तीला गेला, केस मात्र कोरडे.

टोळी जुनीच

चार डोकी जमवून एकमेकांचे फोटो बघायचे, “हे कसं काढलंस?” विचारायचं, ही खोड आजची नाही. दागेरच्या फोटोग्राफीच्या शोधाची जाहीर माहिती जगाला 19 ऑगस्ट 1839 ला मिळाली आणि पंधरा वर्षांत, 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्यात. डॉक्टर लोकांची कॅमेऱ्याची हौस तेव्हापासूनची आहे, आमच्या कट्ट्यावरही तीन आहेत. तेव्हाची कटकट मात्र वेगळी: काचेवरचं रसायन ओलं असेपर्यंतच फोटो काढून धुवायचाही. आपल्याकडच्या उन्हात ते किती वेळ ओलं राहणार? पळापळ नुसती.

पाठवताना जरा थांबा

तेव्हा वाळण्याची भीती, आता पिळवटण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो आक्रसून लांबीला साधारण 1600 पिक्सेलांचा होतो. मोबाइलवर छान दिसतो, प्रदर्शनासाठी मोठा छापायला घेतला की चेहरे लाडवाच्या बुंदीसारखे. म्हणून कट्ट्यावर नियम: स्पर्धेचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. तो जसाच्या तसा जातो.

जसाच्या तसा म्हणजे पोटातल्या माहितीसकट. ॲपर्चर, शटर, तारीख, आणि लोकेशन चालू असेल तर काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा. पहिल्या तीन गोष्टी शिकायला सोन्यासारख्या आहेत. चौथीमुळे एकदा गडबड झाली. आमच्यातल्या एकाने लांडग्याच्या पिल्लांचा फोटो मोठ्या कौतुकाने असाच ‘डॉक्युमेंट’ करून टाकला. कॅप्शनमध्ये जागा लिहिली नव्हती, हुशारी केली होती. पुढच्या रविवारी त्या बिळापाशी तीन गाड्या उभ्या. त्याच्या पुढच्या रविवारी बीळ रिकामं.

तेव्हापासून घरटं, बीळ, पिल्लं यांचे फोटो लोकेशन पुसून, आणि मोसम उलटून गेल्यावर. भोरड्यांचे, नंदीध्वजाचे, कडक भाकरीवर ठेवलेल्या शेंगाचटणीचे हवे तेव्हा टाका, अक्षांश-रेखांशांसह टाका. चटणीचं लोकेशन तर टाकाच.

आता 16 जानेवारीची तयारी. होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. ट्रायपॉड, आयएसओ 100, एफ 11, शटर दोन ते चार सेकंद, आणि फ्लॅश बंद. दर वर्षी कुणीतरी फ्लॅश मारून आकाश उजळवायचा प्रयत्न करतो आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाचं टक्कल उजळतं. गेल्या खेपेला ते माझं होतं. फोटो बरा आला होता. करडं काहीच नव्हतं त्यात.