आधी कट्टा, मग कढीपत्ता

पुण्यात 13 मेच्या सुमारास भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. शाळकरी मुलं अंगणात बाटल्या उभ्या करून हा ‘शून्य सावली दिवस’ बघतात. बाग आखणारे मात्र तो मनावर घेत नाहीत. घेतला असता, तर रो-हाउसच्या मागच्या भिंतीला चिकटवून इतके बाक बांधलेच नसते. सूर्य डोक्यावर असताना भिंत सावली देत नाही. त्यात तिच्यावर पश्चिमेचं ऊन येत असेल, तर दिवेलागणीनंतरही टेकलेली पाठ भाजते. शेवटी त्या बाकावर कुंड्या बसतात.

गडबड होते ती क्रमाची. जून लागला की नर्सरीतून पंचवीस-तीस रोपं येतात, दिसेल तिथे लागतात आणि उरलेल्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची सरकवली जाते. खरं तर आधी बसायची जागा आणि वेळ ठरवावी. सकाळच्या चहासाठी पूर्वेच्या कोवळ्या उन्हाचा तुकडा पुरतो. संध्याकाळी बसायचं असेल तर पश्चिमेला झाड हवं, नाहीतर डोक्यावर जाईचा किंवा तोंडलीचा मांडव.

दहा बाय वीस फुटांच्या परसात सहा फूट लांबीचा कट्टा सहज मावतो. उंची सोळा ते अठरा इंच ठेवावी. त्याहून बुटका केला तर आजी बसतील, पण उठताना हात द्यावा लागेल. वर खडबडीत शहाबादी फरशी बरी. पॉलिश केलेली पावसाळ्यात शेवाळली की पाय सरकलाच म्हणून समजा. ही फरशी चुनखडीची असते, त्यामुळे ती ॲसिडने धुवायचा उत्साह आवरावा: फसफसून पांढरे चट्टे उरतात. खराटा आणि पाणी पुरे. फरशीला उतार मात्र घरापासून दूर जाणारा हवा.

हिरवळीचा मोह अनेकांना होतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटरच धरलं, तरी दोनशे चौरस फुटांच्या लॉनला सुमारे 90 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा बादल्या लागतात. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा शौक परवडण्यासारखा नाही, आणि पावसाळ्यात कापणीचं काम वेगळंच.

आपल्या जुन्या परसाला हा हिशेब न मांडताही कळला होता. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ पोसायची. मुद्दाम पाणी कोणी घालत नसे. आजही त्या ओलीच्या जागी अळू, स्वयंपाकघराच्या दाराजवळ कढीपत्ता आणि गवती चहा, कुंपणाला जास्वंद एवढं लावलं, तर घरच्यांची हौस आणि फोडणी दोन्ही भागतात. मुळाशी पालापाचोळ्याचा चार बोटं थर दिला की ओल टिकते आणि तणही कमी उगवतं.

कट्ट्याशेजारी काय लावू नये, हे जास्त महत्त्वाचं. शेवगा तर नकोच. त्याच्या फांद्या ठिसूळ, वाऱ्याला मोडणाऱ्या. आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके चढतात, त्यांचा स्पर्श झाला की अंग खाजतं. शेंगा हव्यात तर तो कुंपणाच्या टोकाला जाऊ द्यावा. लिंबाचे काटेही मुलांच्या वाटेत नकोत. पारिजातक चालेल, पण सकाळचा सडा झाडायची तयारी हवी.

कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या कराव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडायला लागेपर्यंत तेवढाच वेळ पुरतो. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी कुंड्या कमी कराव्यात आणि झाडं जमिनीत लावावीत.

खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. रोपं दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर लावावीत. तोवर महिनाभर एक खुर्ची परसात फिरवत ठेवा. संध्याकाळी जिथे ती उचलावीशी वाटणार नाही, तिथे गवंड्याला बोलवा.