आधी नाडी, मग औषध!

ऐन पाडव्याच्या पहाटे आमच्या पुतण्याची लांब पल्ल्याची दणकट मोटारसायकल रुसली. कळ दाबली, की आतून नुसते ‘टक्’!

“काका, सर्वांत मोठी बॅटरी आणून बसवतो!”

“अरे, आधी नाडी तर बघ!” मी म्हटले.

विसावलेल्या, भरलेल्या शिशाच्या बॅटरीत 12.6 व्होल्टच्या वर दाब हवा. इथे जेमतेम 11. शेजारच्या बॅटरीचा टेकू देऊन इंजिन सुरू केले, तेव्हा तो 14 पर्यंत चढला. म्हणजे बॅटरीला जेवू घालणारी यंत्रणा ठणठणीत होती! ती बिघडली असती, तर नवी बॅटरीही उपाशीच मेली असती.

मग चोर कोण? चिरंजीवांनी हौसेने बसवलेला फोनचा चार्जर! त्याची तार थेट बॅटरीला जोडलेली. 0.1 अँपियर जरी सतत गळला, तरी 12 अँपियर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. वारंवार अशी रिकामी होणारी शिशाची बॅटरी कायमची दुबळी होते.

आता नवी कोणती? लिथियमची वजनाला फारच हलकी. पण महाग, कडक थंडीत सुस्त, आणि तिला चार्जरही तिच्या जातीचाच हवा. चिरंजीवांना हिमालय खुणावतो! म्हणून काचतंतूंच्या गादीची, शिशाचीच घेतली. लांबी-रुंदी आणि धन-ऋण टोकांच्या बाजू पडताळून. चार्जरला मात्र रिले बसवला : किल्ली फिरली, तरच वीज.

वाचकहो, घरात नवी हौस आणण्यापूर्वी जुनी गळती शोधावी. संसारातही हाच हिशेब, नाही का?